अमेरिकेतला कॉलेज-कोच कसा घडतो?

न्यू जर्सीला धाकट्या भावाकडे गेलो होतो, तेव्हा एका शनिवारी पुतणीचा सामना बघायला गेलो. पुतणी नववीत होती आणि एका क्लबच्या संघातून फुटबॉल खेळायची. तिकडे या खेळाला सॉकर म्हणतात, कारण फुटबॉल हे नाव अंडाकृती चेंडूच्या वेगळ्याच खेळाला मिळालेलं आहे. या लेखात फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल.

मोठं आवार, शेजारी शेजारी दहा-बारा मैदानं, सगळीकडे एकाच वेळी सामने चाललेले. आईबाप घडीच्या खुर्च्या मांडून बसलेले. त्यांच्यापासून जरा लांब, कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी काही माणसं उभी होती. अंगात कॉलेजचं चिन्ह असलेला टी-शर्ट, हातात वही, पायाशी कॉफीचा कागदी पेला. पुतणीने डाव्या पायाने एक लांब चेंडू असा टाकला की पुढच्या मुलीला पळता पळता तो आयता मिळाला. वहीवाल्यांपैकी एकाने खेळाडूंच्या यादीवर बोट फिरवून तिचा क्रमांक शोधला आणि समोर काहीतरी लिहिलं. सामना संपल्यावर तो आमच्या खुर्च्यांना खेटून पुढे गेला, पण त्याने मान वर केली नाही.

मी भावाला म्हटलं, "अरे, विचार की त्याला, काय लिहिलंत म्हणून."

"दादा, तो माझ्याशी बोलू शकत नाही. हिच्याशी तर नाहीच. हिची दहावी होईपर्यंत नियमच आहे तसा."

टी-शर्टवरचं कॉलेज तिथून पाचशे मैलांवरचं होतं. इतक्या लांबून यायचं, उन्हात दिवसभर उभं राहायचं, एका मुलीचं नाव टिपायचं आणि तिच्याशी एक अक्षरही न बोलता परतायचं. हा माणूस कोण, त्याला पगार कोण देतं, कशासाठी देतं, आणि इथवर तो पोचला कसा? घरी परतल्यावर मी याच्या मागे लागलो. वाचत गेलो तसं लक्षात आलं की, मैदानावर शिकवणं हा या नोकरीचा सगळ्यात लहान भाग आहे.

कॉलेजला कोच परवडतो कसा?

आपल्या कॉलेजातले खेळाचे सर आठवून पाहा. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ एकाच माणसाच्या गळ्यात, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आल्या की आठवडाभराचा सराव. अमेरिकेत प्रत्येक खेळाला स्वतंत्र कोच असतो. मुलांच्या संघाचा वेगळा, मुलींच्या संघाचा वेगळा, आणि त्यांच्या हाताखाली दोघं-तिघं असिस्टंट. कॉलेजांमधल्या खेळांचा कारभार पाहणारी सगळ्यात मोठी संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या सभासद कॉलेजांत मुलींचे फुटबॉल संघ हजाराहून जास्त आहेत आणि मुलांचे आठशेच्या वर. यावरून नोकऱ्या किती असतील याचा अंदाज यावा.

मुलींचे संघ मुलांपेक्षा जास्त कसे? याला कारण एक कायदा. १९७२ साली अमेरिकेत 'टायटल नाइन' नावाचं कलम आलं. ज्या शिक्षणसंस्थेला केंद्र सरकारचा पैसा मिळतो, तिने मुलगे आणि मुली असा भेद करायचा नाही, एवढंच ते म्हणतं. त्यात खेळांचं नावसुद्धा नाही. पण खेळ हा शिक्षणाचाच भाग मानला गेला आणि कॉलेजांना हिशेब जुळवावा लागला. त्यांच्या त्या अंडाकृती चेंडूच्या खेळात मुलांचा संघ शंभराच्या आसपास असतो. तितका मोठा मुलींचा संघ सहसा कुठल्या खेळात नसतो. मग तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय टाकायचं? एका मैदानात, थोड्या साहित्यात पंचवीस-तीस मुलींना खेळवणारा खेळ म्हणजे फुटबॉल. १९८१-८२ मध्ये एनसीएएच्या कॉलेजांत मुलींचे संघ जेमतेम ऐंशीच्या घरात होते. तिथून ते हजारावर गेले, आणि प्रत्येक नव्या संघाबरोबर कोचची एक नवी खुर्ची आली.

दुसरं कारण पैशाचं आहे, आणि मला ते जास्त बोलकं वाटतं. लहान खासगी कॉलेजांना विद्यार्थी मिळवताना नाकीनऊ येतात. समजा, अशा कॉलेजात सवलत वजा जाता एका विद्यार्थ्यामागे वर्षाला वीस हजार डॉलर जमा होतात. कोचने दरवर्षी आठ खेळाडू आणले, जे एरवी या कॉलेजात आलेच नसते, तर चार वर्षांत त्याच्यामुळे बत्तीस विद्यार्थी वर्गात बसलेले असतात. म्हणजे वर्षाला सहा लाख चाळीस हजार डॉलर. त्यातून कोचचा पगार, बसचं भाडं, चेंडू आणि जाळ्या सगळं भागवून पैसे उरतात. अशा कॉलेजातला कोच खरं तर प्रवेश-विभागाचाच माणूस असतो, फक्त त्याच्या गळ्यात शिट्टी असते. मोठ्या विद्यापीठांचं गणित निराळं असतं. तिथे फुटबॉलवर खर्चच होतो, पण नाव, माजी विद्यार्थ्यांचा अभिमान आणि त्यांच्या देणग्या यांसाठी तो केला जातो.

चौकट: तीन विभाग
*पहिला विभाग:* मोठी विद्यापीठं. खेळासाठी शिष्यवृत्त्या, विमानप्रवास, पूर्णवेळ असिस्टंट. मुलींचे संघ तीनशेहून जास्त, मुलांचे दोनशेच्या आसपास.
*दुसरा विभाग:* मधली कॉलेजं. शिष्यवृत्त्या आहेत पण थोड्या, असिस्टंट बहुधा अर्धवेळ.
*तिसरा विभाग:* बहुतेक लहान खासगी कॉलेजं. खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला बंदीच आहे. कोचला जोडीला दुसरं एखादं कामही करावं लागतं.
*हंगाम:* ऑगस्ट ते डिसेंबर. पहिल्या दोन विभागांत आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास सराव आणि सामने. घड्याळ पंचेचाळीस मिनिटांवरून शून्याकडे उलटं चालतं.

मुंबईत जन्मलेला कोच

या पेशाची पहिली पिढी ठरवून कोच झालेली नव्हती. तिच्यातलं सगळ्यात मोठं नाव अँसन डोरान्स. त्यांचा जन्म १९५१ साली मुंबईत झाला. वडील तेलाच्या व्यवसायात असल्यामुळे बालपण भारत, पूर्व आफ्रिका, सिंगापूर, युरोप असं फिरण्यात गेलं. ज्या देशांत पोरं रस्त्यावर फुटबॉल खेळतात, तिथे ते वाढले. पुढे चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ते फुटबॉल खेळले, पदवी घेतली आणि कायद्याचं शिक्षण सुरू केलं. तेवढ्यात त्यांचे जुने कोच निवृत्त व्हायला निघाले आणि त्यांनीच आपल्या जागी डोरान्स यांचं नाव सुचवलं. वकील होऊ घातलेला मुलगा पंचविशीत कोच झाला. १९७९ मध्ये विद्यापीठाने मुलींचा संघ काढला आणि तोही त्यांच्याकडेच आला. कायद्याची पदवी राहिली ती राहिलीच.

पुढे जे झालं ते अमेरिकी खेळांच्या इतिहासात दुसरीकडे सहसा सापडत नाही. मुलींच्या संघाने त्यांच्या हाताखाली एनसीएएची २१ विजेतेपदं आणि नऊशेहून जास्त सामने जिंकले. ते करत असतानाच १९८६ ते १९९४ ते अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाचे कोच होते. १९९१ मध्ये चीनमध्ये झालेला महिलांचा पहिला विश्वचषक त्यांच्याच संघाने नॉर्वेला २-१ असं हरवून जिंकला.

त्यांच्या सरावाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. सरावातल्या प्रत्येक चढाओढीचा, म्हणजे एकास एक झटापट, धावणं, गोलवर मारलेले फटके, या सगळ्याचा निकाल कोणीतरी टिपून ठेवायचं. त्यावरून मुलींची क्रमवारी लावायची आणि ती सगळ्यांना दिसेल अशी टांगायची. त्याच विद्यापीठाचे बास्केटबॉलचे नामांकित कोच डीन स्मिथ यांच्या सरावात सगळ्याची अशी मोजदाद होताना डोरान्स यांनी पाहिली होती. आपल्या तालमीत रोज संध्याकाळी कोणाची पाठ लागली हे साऱ्या तालमीला माहीत असतं. तसंच हे, फक्त कागदावर मांडलेलं. त्या काळी मुलींना मैत्रिणीशी ईर्ष्येने भिडायला कोणी शिकवत नव्हतं. सरावात भिडा, बाहेर मैत्रिणी राहा, हे या संघात रोजचं झालं.

इंडियाना विद्यापीठाच्या जेरी येगली यांची चिकाटी वेगळ्या प्रकारची. १९६३ मध्ये ते तिथे आले तेव्हा फुटबॉलला विद्यापीठाची अधिकृत मान्यता नव्हती. दहा वर्षं त्यांनी हौशी क्लब म्हणून संघ चालवला आणि १९७३ मध्ये त्याला अधिकृत दर्जा मिळाला. तिथून सहा राष्ट्रीय विजेतेपदं. सहावं २००३ मध्ये, त्यांच्या शेवटच्या हंगामात. त्यानंतर २०१२ मध्ये त्यांचा मुलगा टॉड याने त्याच संघाचा कोच म्हणून विजेतेपद आणलं. ब्रूस अरिना १९७८ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात आले ते फुटबॉलचे मुख्य कोच आणि जाळीदार काठीने खेळायच्या लक्रॉस या खेळाचे असिस्टंट, अशा दोन टोप्या घालून. एका खेळाच्या कोचवर पूर्ण पगार खर्च करायची तेव्हा विद्यापीठाची तयारी नव्हती. त्याच अरिना यांनी व्हर्जिनियाला पाच विजेतेपदं दिली आणि २००२ च्या विश्वचषकात अमेरिकेच्या पुरुष संघाला उपांत्यपूर्व फेरीत नेलं.

उमेदवारीची वर्षं

आज असा योगायोग घडत नाही. आता या पेशाला ठरलेली वाट आहे आणि तिचा पहिला टप्पा खडतर आहे.

सुरुवात बहुधा अशी होते. मुलगा किंवा मुलगी कॉलेजात चार वर्षं खेळते. व्यावसायिक संघात वर्णी लागण्याइतका खेळ नसतो, पण खेळ सुटतही नाही. मग 'ग्रॅज्युएट असिस्टंट' ही जागा मिळवायची. म्हणजे एम.ए. किंवा तत्सम पदवीची फी माफ, वर थोडं मानधन, आणि बदल्यात संघाचं पडेल ते काम. पडेल ते म्हणजे खरोखरच पडेल ते. सकाळी मैदानावर शंकू मांडायचे, दुपारी वर्गात बसायचं, सामन्याच्या चित्रीकरणाचे तुकडे पाडून मुख्य कोचला पाठवायचे, प्रवासात जेवण मागवायचं, आणि रात्री उशिरा बस परतली की सगळ्यांचे मळके कपडे धुलाईच्या यंत्रात टाकून मगच झोपायचं. बॉब ब्रॅडली याच वाटेने आले. ओहायो विद्यापीठात क्रीडा-व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेत असताना, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिथल्या संघाची धुरा त्यांच्याकडे आली. पुढे ते अमेरिकेच्या आणि इजिप्तच्या राष्ट्रीय संघांचे आणि इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये स्वान्सीचे कोच झाले.

दुसरी वाट होती 'व्हॉलंटिअर कोच'ची. २०२३ पर्यंत पहिल्या विभागात नियमच असा होता की, ठरावीक संख्येपलीकडचा एक कोच ठेवायचा असेल तर त्याला पगार द्यायचा नाही. कॉलेज श्रीमंत असलं तरी नाही. काम मात्र इतरांइतकंच. मग माणूस जगायचा कशावर? संध्याकाळी गावातल्या क्लबच्या लहान मुलांना शिकवायचं आणि उन्हाळ्यात शिबिरांवर काम करायचं. १ जुलै २०२३ पासून हा प्रकार बंद झाला आणि त्या जागेला पगार देता येऊ लागला. माझ्या मते हा बदल फार उशिरा आला. पगाराविना दोन-तीन वर्षं काढणं ज्यांच्या घरच्यांना परवडत होतं त्यांनाच इतकी वर्षं ही वाट खुली होती, आणि किती चांगले कोच त्यामुळे पहिल्याच पायरीवरून माघारी गेले असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

उन्हाळी शिबिरं हे या पेशाचं दुसरं पोट आहे. जून-जुलैत विद्यापीठाच्या मैदानांवर शाळकरी मुलामुलींची शिबिरं भरतात, फी घेऊन. कोचमंडळींना त्यातून वरकमाई होते, असिस्टंटला तर वर्षभराची तोंडमिळवणी तिथेच करावी लागते. शिबिर सर्वांना खुलं ठेवावं लागतं. वय, इयत्ता, मुलगा की मुलगी आणि एकूण संख्या, एवढ्याच मर्यादा घालता येतात. पण आईबाप पैसे भरतात ते मुलीचा खेळ कोचच्या नजरेला पडावा म्हणून, आणि हे कोचलाही ठाऊक असतं.

प्रशिक्षणाच्या परवान्यांचीही शिडी आहे. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाचे परवाने 'डी'पासून वर चढत 'ए' आणि 'प्रो'पर्यंत जातात. गंमत अशी की, एनसीएएला यातला कुठलाच परवाना सक्तीचा नाही. जाहिरातीत 'असल्यास उत्तम' म्हणतात, पण सक्ती असते ती बहुधा पदवीची. नोकऱ्यांचा खरा बाजार भरतो जानेवारीत, कोचमंडळींच्या राष्ट्रीय संघटनेच्या वार्षिक संमेलनात. हंगाम नुकताच संपलेला असतो, कोणाची नोकरी गेली आणि कुठे जागा झाली हे सगळ्यांना कळलेलं असतं. दिवसा व्याख्यानं होतात, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात कॉफीच्या टेबलांवर मुलाखती चालू असतात.

सव्वीस पाहुणे, नऊ वाट्या

आता वहीवाल्या माणसाकडे परत येऊ. असिस्टंटची बढती ज्यावर ठरते ते काम म्हणजे खेळाडू-भरती.

हे काम अवघड का, ते शिष्यवृत्तीच्या हिशेबावरून कळतं. २०२५ पर्यंत पहिल्या विभागात मुलांच्या संघाला एकूण ९.९ शिष्यवृत्त्या मिळायच्या आणि मुलींच्या संघाला १४. पण संघात खेळाडू पंचवीस-तीस. पंगतीला सव्वीस पाहुणे आणि बासुंदीच्या वाट्या नऊच, तशी गत. मग कोणाला अर्धी वाटी, कोणाला पाव, कोणाला नुसता वास. त्यातून कोणाच्या घरची स्थिती बेताची, कोणाचे गुण चांगले म्हणून अभ्यासाची वेगळी शिष्यवृत्ती मिळू शकेल, हे सगळं जुळवायचं. अभ्यासात हुशार मुलगी कोचला अर्ध्या वाटीत मिळते, म्हणून वहीत खेळाबरोबर परीक्षेचे गुणही लिहिलेले असतात. २०२५ मध्ये न्यायालयातल्या एका मोठ्या तडजोडीनंतर हे चित्र पालटलं. ती तडजोड मान्य करणाऱ्या कॉलेजांना आता शिष्यवृत्त्यांची मर्यादा नाही, संघाची आहे. संघात अठ्ठावीसच खेळाडू, शिष्यवृत्ती हवी तितक्यांना द्या. ज्यांच्या तिजोरीत पैसा आहे त्यांच्या वाट्या वाढल्या, इतरांच्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

न बोलण्याच्या नियमामागेही एक इतिहास आहे. एकमेकांच्या आधी मुलगी पटकावण्याच्या घाईत कोचमंडळी आठवी-नववीतल्या मुलींकडून तोंडी होकार घेऊ लागली होती. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीने कॉलेज ठरवायचं! २०१९ पासून पहिल्या विभागात नियम कडक झाला. दहावीचं वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत फोन नाही, संदेश नाही, निरोप्यामार्फत बोलणं नाही. भेटीसाठी कॉलेजात बोलवायचं ते त्यानंतरच्या १ ऑगस्टपासून. बघायला मात्र बंदी नाही. म्हणून पाचशे मैलांवरून यायचं, बघायचं, लिहायचं आणि मुकाट्याने जायचं. भावाच्या खुर्चीला खेटून गेलेला तो माणूस शिष्टपणा करत नव्हता. एक वाक्य बोलला असता तर त्याच्या कॉलेजवर नियमभंगाची नोंद झाली असती.

अलीकडे या कामाला आणखी एक तोंड फुटलं आहे. २०१८ मध्ये 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू झालं. कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ही नावनोंदणी. पूर्वी कॉलेज बदललं की काही खेळांत वर्षभर बाहेर बसावं लागे. ती अटही पुढे गेली. आता हंगाम संपताच तयार, अनुभवी खेळाडूंची यादी सगळ्यांसमोर येते. शाळकरी पोरीवर तीन वर्षं लक्ष ठेवण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजातली एकविशीतली खेळाडू आणणं सोपं. त्यामुळे डिसेंबर हा कोचसाठी विसाव्याचा महिना उरलेला नाही. आपली माणसं जाणार नाहीत ना, या धास्तीत तो जातो.

घराणं आणि शिडी

गाण्यात जशी घराणी तशी इथेही आहेत. अरिना यांच्या हाताखाली खेळलेले जॉर्ज गेल्नोव्हॅच त्यांचेच असिस्टंट झाले, १९९६ मध्ये त्यांच्या जागी बसले आणि व्हर्जिनियाला आणखी दोन विजेतेपदं दिली. ब्रॅडलीही काही काळ अरिना यांचे असिस्टंट होते. मुलाखतीच्या टेबलावर पहिला प्रश्न असतो, कोणाच्या हाताखाली काम केलंत? त्याचं उत्तर अर्धं काम करून जातं.

ज्यांच्यामागे घराणं नाही त्यांनी काय करायचं? जेरेमी गन यांची वाटचाल पाहा. इंग्लंडमधून आलेला हा खेळाडू कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला कॉलेजात खेळला आणि तिथेच असिस्टंट झाला. मग कोलोरॅडोच्या डोंगरातलं दुसऱ्या विभागातलं फोर्ट लुईस कॉलेज. तिथे २००५ मध्ये त्या विभागाचं विजेतेपद. तिथून पहिल्या विभागातलं, पण फारसा दबदबा नसलेलं शार्लट. त्या संघाला त्यांनी २०११ मध्ये अंतिम सामन्यात नेलं, तो ते एका गोलने हरले. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्यांना घेतलं. २०१५, २०१६, २०१७, सलग तीन विजेतेपदं. वर जायची ही शिडी सगळ्यांना दिसते, पण प्रत्येक पायरीवर आधी त्या लहान जागी कोणी न केलेलं करून दाखवावं लागतं. शिवाय दर वेळी बिऱ्हाड उचलावं लागतं. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत.

जिल एलिस यांचीही तीच कथा, जरा नागमोडी. एका टेलिकॉम कंपनीत तांत्रिक लेखनाची स्थिर नोकरी सोडून त्या तुटपुंज्या पगाराच्या असिस्टंट झाल्या. मेरीलँड, व्हर्जिनिया, इलिनॉय असं करत १९९९ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएत मुख्य कोच. तिथे वर्षामागून वर्षं त्यांचा संघ शेवटच्या चारांत पोचला, विजेतेपद एकदाही आलं नाही. आणि मग राष्ट्रीय संघाच्या कोच म्हणून त्यांनी २०१५ आणि २०१९ असे लागोपाठ दोन विश्वचषक जिंकले.

यूसीएलएचीच पुढची गोष्ट. २०२२ च्या हंगामासाठी मार्गरीट आओझासा तिथे मुख्य कोच झाल्या. त्याआधी त्या स्टॅनफर्डला कित्येक वर्षं असिस्टंट होत्या. पहिल्याच हंगामात संघ अंतिम सामन्यात, आणि समोर डोरान्स यांचा नॉर्थ कॅरोलायना. दहा-अकरा मिनिटं उरली असताना यूसीएलए ०-२ असं मागे होतं. एक गोल फिटला. उलटं चालणारं ते घड्याळ सोळा सेकंदांवर आलं, आणि कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर डोकं लावून बरोबरी झाली. जादा वेळेत यूसीएलए ३-२ जिंकलं. मुलींच्या पहिल्या विभागात पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या मुख्य कोच.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगाम अगदी दाराशी आलेला असताना डोरान्स निवृत्त झाले. त्यांचे असिस्टंट डेमन नाहस यांना हंगामी मुख्य कोच केलं गेलं. पंचेचाळीस वर्षं एकाच माणसाने चालवलेला संघ, तयारीला काही दिवस, आणि पदापुढे 'हंगामी' हा शब्द. डिसेंबरमध्ये त्यांनी वेक फॉरेस्टला १-० असं हरवून विजेतेपद घेतलं. नंतर 'हंगामी' गेलं आणि नाहस कायम झाले.

बायका कुठे गेल्या?

या साऱ्यात एक गोष्ट सलते. १९७२ च्या सुमारास कॉलेजांतल्या मुलींच्या संघांच्या कोचपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त बायका होत्या. आज त्या निम्म्याहूनही कमी आहेत. कायदा मुलींसाठी आला, मुलींना मैदान मिळालं, आणि त्यांच्या कोचच्या खुर्च्यांवर पुरुष बसले. याचं कारण गूढ नाही. आधी हे काम बहुधा फुकट किंवा नाममात्र मानधनावर चालायचं, तेव्हा ते शिक्षिका करायच्या. त्याला पगार आला तसे पुरुषांचे अर्ज आले, आणि नेमणाऱ्या समित्याही पुरुषांच्याच. त्यातच दर शनिवार-रविवार परगावी मैदानाच्या कडेला उभं राहायचं, ही अट लेकुरवाळ्या बाईला नोकरीबाहेर ढकलते. फ्लॉरिडा विद्यापीठाच्या बेकी बर्ली यांनी शून्यातून उभ्या केलेल्या संघाने १९९८ मध्ये विजेतेपद मिळवलं, तेव्हा कुठे पहिल्या विभागात मुलींच्या फुटबॉलला पहिली विजेती स्त्री-कोच मिळाली. स्पर्धा सुरू होऊन तोवर सोळा वर्षं झाली होती.

शिवाय खेळवायचं कोणाला, शिष्यवृत्ती किती, या दोन्ही गोष्टी कोचच्या हातात असतात. त्यामुळे कोच बोलतो कसा, यावर मुलीची चार वर्षं अवलंबून असतात. १९९८ मध्येच डोरान्स यांच्या दोन माजी खेळाडूंनी, ते मुलींशी लैंगिक स्वरूपाचं बोलणं करतात म्हणून दावा लावला. दोन्ही प्रकरणं पुढे तडजोडीने मिटली. ती विजेतेपदं सांगताना हेही सांगायला हवं.

खुर्ची जाते तेव्हा

मुख्य कोचशी कॉलेज काही वर्षांचा करार करतं. दोन-तीन हंगाम वाईट गेले, किंवा विद्यापीठाचा क्रीडाप्रमुख बदलला, की करार संपायची वाट न बघता त्याला निरोप मिळतो, बहुधा ठरलेली भरपाई देऊन. नुसत्या हरण्यानेच नोकरी जाते असंही नाही. खेळाडू अभ्यासात मागे पडले, कॉलेज सोडून गेले, तर संघाचे शैक्षणिक गुण घसरतात. हजारातले ९३० गुण राखले नाहीत तर पहिल्या विभागातल्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत खेळताच येत नाही. म्हणून सामन्याआधी कोच मुलींच्या परीक्षांचं वेळापत्रक पाहत बसलेला दिसतो.

असिस्टंटला मात्र बहुधा ना करार, ना भरपाई. मुख्य कोच गेला की नवा कोच आपली माणसं घेऊन येतो. जुन्यांना आठवड्यात टेबल आवरावं लागतं. मुख्य कोच बढती घेऊन मोठ्या विद्यापीठात गेला तर एखाद्याला सोबत नेतो, उरलेले जानेवारीच्या संमेलनात हॉटेलच्या दिवाणखान्यात बसलेले असतात. या पेशातून बाहेर पडणारेही पुष्कळ. कोणी क्लबचा संचालक होतो, कोणी विद्यापीठाच्या क्रीडा-कचेरीत बसतो, कोणी शाळेत शिकवायला लागतो.

पुतणीची दहावी झाली त्या वर्षी १५ जूनच्या आदल्या रात्री भावाच्या घरी कोणी झोपलं नव्हतं. बाराच्या ठोक्याला फोन वाजू लागला. पहिला संदेश एका असिस्टंटचा होता. तिने नववीतल्या त्या सामन्यातला डाव्या पायाचा लांब चेंडू तारखेसकट लिहिला होता. वर्षाहून जास्त काळ तो वहीत होता. मग दर आठवड्याला फोन, एकदा कॉलेजची भेट, घरच्या कुत्र्याचीसुद्धा चौकशी. जानेवारीत ती असिस्टंट दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात गेली, आणि दोन आठवडे काहीच आलं नाही. मग एका नव्या क्रमांकावरून संदेश आला. सुरुवातीला स्वतःची ओळख होती आणि पुढे विचारलं होतं, तू कुठल्या पायाने खेळतेस?